धाडस आणि धैर्य

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिना होता. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर पडत होतो, तो दाराशी एक माता वाट पाहत उभी असलेली दिसली. "फादर, तुम्ही त्याला सांगा. तुमचा शब्द तो मोडणार नाही," एवढेच ती बोलली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. तिचा मुलगा अभियंता. दोन वर्षे पैसे साठवून त्याने मोटारसायकल घेतली होती आणि आता चेन्नईजवळच्या शर्यतीच्या मार्गावर ती चालवायला तो निघाला होता. तमिळनाडूत ते ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. पाऊस असला तरी जाणार, किंबहुना पावसातच अधिक शिकायला मिळेल, असे त्याचे म्हणणे होते.

सायंकाळी तो आला. आम्ही उपदेशाची तयारी करूनच बसलो होतो. पण त्यानेच आधी विचारले, "फादर, स्वतःच्या आनंदासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणे पाप आहे का?" सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे घेतलेल्या आणि पंचवीस वर्षे प्रवचने केलेल्या आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. त्याच प्रश्नाचा विचार आज वाचकांसमवेत करावा असे वाटते.

प्रथम, हा प्रकार काय आहे ते त्याच्याकडूनच समजून घेतले. चेन्नईनजीक इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. काही विशिष्ट दिवशी तो हौशी चालकांसाठी खुला करतात; त्यास 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक नाही, बक्षीस नाही. नवशिके आणि अनुभवी यांचे गट वेगळे असतात. आधी गाडीची तपासणी होते, सूचना दिल्या जातात. अंगात चामड्याचा पोशाख, डोक्यावर पूर्ण हेल्मेट. पिवळा झेंडा दिसला की सावध व्हायचे, लाल दिसला की फेरी थांबवून परतायचे. समोरून वाहन येत नाही, रस्त्यात मूल धावत येत नाही.

हे ऐकताना आम्हांला आपला महामार्ग आठवला. पहिल्या पावसात डांबरावरचे तेल वर येते आणि त्याच वेळी आपली मुले, डोक्यावर हेल्मेट नसताना, मागे मित्राला बसवून, ट्रकच्या बगलेतून गाडी काढतात. त्यांच्या मातांपैकी कोणी आमच्या दाराशी येऊन उभी राहिल्याचे स्मरत नाही. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, मद्यपानाने किंवा वेगाच्या हव्यासाने रस्त्यावर स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यावर गंभीर दोष येतो, असे स्पष्ट सांगितले आहे. तेथे बोट ठेवले आहे ते हव्यासावर. मग बंदिस्त मार्गावर, शिस्तीने अनुभवलेला वेग हाही हव्यासच का?

आनंदासाठी पत्करलेला प्रत्येक धोका दोषास्पद मानला, तर गिर्यारोहणही दोषास्पद ठरेल. पोप अकरावे पायस हे तरुणपणी, फादर अकिल्ले रत्ती असताना, नामांकित गिर्यारोहक होते. १८८९ साली मोन्ते रोझा पर्वताची अवघड पूर्व बाजू चढताना त्यांनी एक रात्र उघड्यावर, बर्फाळ थंडीत काढली. तेव्हा धोका आहे एवढ्यावरून निर्णय होत नाही. तो कोणत्या वृत्तीने पत्करला, हे पाहावे लागते.

पावसाचा भाग आम्हांला सर्वांत विचार करावयास लावणारा वाटला. कोरड्या दिवशी असंख्य चाके ज्या रेषेवरून जातात, तेथे रबराचा थर बसतो. हाच थर कोरड्यात पकड देतो आणि ओल्यात निसरडा होतो. म्हणून जाणता चालक पावसात ती मळलेली वाट सोडतो. वळणाच्या रंगवलेल्या कडा आणि पांढरे पट्टे तो टाळतो. ब्रेक लवकर, पण हलक्या हाताने लावतो. गाडी कमी झुकवतो. वेगाची मूठ अलगद पिळतो. एकेका चाकाचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा. साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागले की तेवढाही आधार उरत नाही. पावसासाठी वेगळे टायर असतात. त्यांना खोल खाचा आणि मऊ रबर असते, आणि कोरड्या मार्गावर ते लवकर तापून झिजतात. सारांश, काल जे ज्ञान उपयोगी पडले ते आज जसेच्या तसे चालत नाही. पाण्यापुढे कोणाची प्रौढी टिकत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला सद्गुणांत अग्रस्थान दिले आहे. सामान्य तत्त्व समोरच्या प्रत्यक्ष परिस्थितीला लावून कृती ठरविणे, हे विवेकाचे काम. धैर्याविषयी ते असे म्हणतात की, त्याचे मुख्य लक्षण चाल करून जाणे हे नसून संकटात स्थिर राहणे हे आहे. आपल्या भाषेतही धाडस आणि धैर्य हे दोन शब्द आहेत, पण आपण त्यांची सरमिसळ करतो. धाडस पुढे जायला लावते. पुढे जावे की थांबावे याचा निर्णय करून त्यावर ठाम राहणे, हे धैर्य.

तथापि विवेकी माणसालाही मृत्यू गाठतो, हे विसरता येत नाही. उत्तर आयर्लंडचे जोई डनलॉप आईल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध मोटारसायकल शर्यतींत २६ वेळा विजयी झाले. रुमानिया, बोस्निया, अल्बेनिया येथील अनाथ मुलांसाठी ते स्वतः गाडी हाकत अन्न-वस्त्रे घेऊन जात. २ जुलै २००० रोजी एस्टोनियातील तालिन येथे, भर पावसात, झाडांमधून जाणाऱ्या मार्गावर शर्यतीत आघाडीवर असताना ते मृत्यू पावले. वय ४८. मागे पत्नी आणि पाच मुले. त्यांच्या अंत्ययात्रेला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही समाजांतील हजारो लोक आले होते. तीन दशके गाडी ओळखणाऱ्यांनाही जे टळले नाही, ते नवशिक्याला टळेल याची हमी कोण देणार?

म्हणून आम्ही त्या तरुणाला म्हणालो, "बाळ, तुझ्या प्रश्नात एक शब्द चुकला आहे. जीव तुझा एकट्याचा नाही. जायचेच असेल तर दोन गोष्टी कर. आईला सगळे नीट समजावून सांग, लपवू नकोस. आणि तेथे गेल्यावर, आपण केवळ लोक पाहतात म्हणून गाडी चालवीत आहोत असे वाटले, त्या क्षणी बाहेर पड." आम्ही त्याला मनाई केली नाही. त्याच्या आईने त्यानंतर कित्येक दिवस आमच्याशी बोलणे टाळले. तो चेन्नईला होता त्या दोन रात्री आम्हांला नीट झोप आली नाही, हेही कबूल करतो.

तो सुखरूप परतला. पावसात दोन फेऱ्या घेतल्या आणि तिसरीत तो बाहेर आला. हात ताठरले होते, आणि लक्ष मार्गाऐवजी पुढच्या गाडीकडे होते, असे त्याने सांगितले. बरोबरचे दिवसभर चालवीत राहिले. कोणालाही काही झाले नाही. सायंकाळी त्यांनी त्याची थट्टा केली. "फादर, मी उगाच भ्यालो का? पैसेही फुकट गेले," त्याने विचारले.

आम्ही त्याला निकी लाउडा यांची हकीकत सांगितली. हे मोटारींच्या शर्यतीतले विजेते. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीत त्यांच्या गाडीने पेट घेतला आणि ते होरपळले. रुग्णालयात त्यांना अंतिम संस्कारही देण्यात आले. सहा आठवड्यांत ते पुन्हा शर्यतीत उतरले. वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत, २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजी येथे, मुसळधार पावसात दोन फेऱ्यांनंतर ते स्वतःहून थांबले. पुढे पाऊस ओसरला, मार्ग सुकला, आणि एका गुणाने जगज्जेतेपद गेले. मग त्यांचा निर्णय चुकला का? निर्णय घेताना समोर पाऊस होता, नंतरचे ऊन नव्हते.

हाच न्याय आम्हांलाही लागू आहे. मुलगा सुखरूप आला म्हणून आमचे मनाई न करणे योग्य ठरत नाही. आणि त्याला काही झाले असते, तर केवळ तेवढ्यावरून ते अयोग्यही ठरले नसते. पण मग त्या मातेसमोर आम्ही कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो? तत्त्व बरोबर असले तरी या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही. सल्ला देणाऱ्याने हे ओझे वाहिलेच पाहिजे, एवढे मात्र कळले.

पुढे त्या मातेने आमच्याशी पुन्हा बोलणे सुरू केले. एकदा ती म्हणाली, "तो थांबला, ते बरे झाले, फादर. पण त्याला थांबता येते हे मला कळले, ते त्याहून बरे झाले." तो अजूनही गाडी चालवतो. पावसात घरून निघताना आता तो आईला सांगून निघतो, आणि ती त्याला जाऊ देते.