जुवाखालची मान

प्रवरेच्या काठाकाठानं संगमनेरहून खाली गेलं की श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद लागतं. १९७४ साली तिथल्या जमिनीतून ब्राँझच्या चार जड मूर्ती निघाल्या. त्यांत हत्ती, गेंडा आणि रेडा होता. चौथी मूर्ती म्हणजे दोन बैल जुंपलेला, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ. या मूर्तींच्या वयावरून अभ्यासकांत वाद आहे. पुष्कळ जण त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. त्या रथाचं चित्र पाहताना माझी नजर दर वेळी बैलांच्या मानेवरच्या जुवावर थांबते. वशिंडाच्या पुढं, मानेवर आडवं. ऊसतोडीच्या हंगामात संगमनेरच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या गाड्यांचं जूही नेमकं त्याच जागी असतं.

मधल्या काळात चाक बदललं. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसली, धावेच्या जागी रबरी टायर आला. जू जागचं हललं नाही. जनावराची मान ही ओझं टेकवायची आणि दोर बांधायची जागा आहे, ही समजूत फार पक्की आहे. मानेच्या आत काय आहे हे माणसाला हळूहळू कळत गेलं. ते कळलेलं जुवापर्यंत पोचायला किती उशीर लागला, हाच माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला महत्त्वाचा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या शालिहोत्र परंपरेत, म्हणजे जुन्या अश्ववैद्यकात, घोड्याची मान लक्षणांसाठी पाहिली जाई: तिची लांबी, बाक, तिच्यावरचे भोवरे. बैलबाजारात जुनी माणसं आजही भोवरा कुठं आहे ते आधी बघतात. तिकडे रोममध्ये दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्यानं जिवंत डुकराच्या मानेतल्या बारीक नसा सर्वांसमक्ष कापून दाखवल्या. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचं ओरडणं बंद झालं. आवाजाचा ताबा हृदयाकडे नसून मेंदूकडे आहे, आणि तो हुकूम मानेतून खाली जातो, हे त्या क्रूर प्रयोगानं सिद्ध झालं. पुढं १५९८ मध्ये इटलीतल्या कार्लो रुइनी यांचा घोड्याच्या शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ निघाला. १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये लियाँ इथं पहिली पशुवैद्यक शाळा सुरू झाली, आणि १८८६ मध्ये मुंबईत परळला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. मानेचे स्नायू, शिरा, मणके यांची नावं पाठ असलेले डॉक्टर तिथून बाहेर पडू लागले.

त्यांना जे कळलं ते गाडीवानालाही कळायला हवं होतं. गाय, घोडा, शेळी, डुक्कर, कुत्रा, माणूस, सगळ्यांच्या मानेत मणके सातच. पहिल्या मणक्यावर डोकं खाली-वर होतं, दुसऱ्यावर ते डावी-उजवीकडे वळतं. आता बैलाच्या मानेवर वशिंडाच्या पुढं हात ठेवा. हाताखाली कणा आहे असं वाटतं. तो तिथं नसतो. मानेच्या मुळाशी मणक्यांची रांग बरीच खाली, खोल उतरलेली असते. जुवाखाली असते ती कातडी, तिच्याखाली पसरट स्नायू, आणि डोक्याच्या मागच्या भागापासून पाठीच्या उंच मणक्यांपर्यंत ताणलेला एक पिवळा लवचीक पट्टा. मागचं वशिंडही हाडाचं नाही. ते स्नायू आणि चरबीचं आहे. म्हणजे आपण टनांनी मोजलेला ऊस ज्या जागेवर टेकवतो, तिथं टेकू घ्यायला हाडच नाही.

म्हणून खांदेसूज होते. जूं खडबडीत असलं, जोडीतला एक बैल उंच नि दुसरा बुटका असला, नवा गोऱ्हा एकदम जड कामाला जुंपला, किंवा मान भिजलेली असताना गाडी हाकली, की आधी तिथं गरम, दुखरी सूज येते. बैल हात लावू देत नाही. तेव्हाच विश्रांती मिळाली तर ती उतरते. काम चालूच ठेवलं तर कातडी राठ होते, गाठ धरते, नाहीतर फुटून जखम होते, आणि एकदा बसलेली गाठ सहसा जात नाही.

जुंपण्याचा नीट अभ्यास झाला तो घोड्याच्या बाबतीत, आणि तोही उशिरा. लफेव्र द नोएत हे फ्रेंच घोडदळातले निवृत्त अधिकारी. १९१० मध्ये त्यांनी जुन्या शिल्पांवरून प्राचीन साज बनवून घोड्यांना जुंपून पाहिला. गळ्याभोवतीचा पट्टा श्वासनलिका दाबतो, म्हणून प्राचीन घोडे जड ओझं ओढूच शकत नव्हते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९३१ चा त्यांचा ग्रंथ अनेक वर्षं प्रमाण मानला गेला. पुढं ज्याँ स्प्रुइत या अभ्यासकांनी त्याच प्रकारचे प्रयोग पुन्हा केले आणि १९७७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांना दिसलं की नोएत यांनी दोन वेगळ्या साजांची सरमिसळ केली होती. पट्टा योग्य जागी बसवला तर घोडा गुदमरत नाही. मला या वादातून एवढंच घ्यावंसं वाटतं की चार बोटांच्या फरकानं ओढणं आणि गुदमरणं यांतला फरक ठरतो. घोड्यासाठी युरोपनं मध्ययुगातच छातीच्या बाजूनं फऱ्याच्या हाडावर जोर देणारा गोल पट्टा स्वीकारला. आपल्या बैलाला वशिंड होतं, जूं त्याला अडकून राहत होतं, काम भागत होतं. भागतंय ना, मग बदलायचं कशाला, या विचारात शतकं गेली.

उसाची दुचाकी गाडी जवळून पाहिली की काय भागतंय ते दिसतं. बीड-पाथर्डीकडून आलेलं जोडपं पहाटे फडात उतरतं, मोळ्या बांधतं, गाडी बैलांच्या पाठीवर झुकेपर्यंत रचतं. सपाट रस्त्यावर वजन आसावर तोललेलं असतं. उतार लागला की तोल पुढं येतो आणि सगळा भार जुवातून मानेवर उतरतो. चढ लागला की उलटं होतं: धुरी वर उचलली जाते, जूं मान सोडू पाहतं आणि गळ्याखालची जुपणी आवळते. त्या जुपणीखाली कूर्चेच्या कड्यांची श्वासनलिका असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत डॉक्टर जिथून रक्त काढतात त्या मोठ्या शिरा. टायरमुळे गाडी ओढायला हलकी झाली हे खरं. त्या हलकेपणाचा फायदा बैलाला मिळाला नाही. आपण मोळ्या वाढवल्या. यात त्या गाडीवानाला दोष देणं मला पटत नाही. त्याची मजुरी टनावर ठरते, आणि बैलाची मान आणि त्याची स्वतःची मान एकाच हिशेबात अडकलेली असते.

१९७० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी हा देशाच्या ऊर्जेचा प्रश्न म्हणून मांडला आणि जूं, साज, गाडी सुधारण्यासाठी अनेक वर्षं आग्रह धरला. त्याआधी १९६५ मध्येच ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राचे नियम आले होते: दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, तापमान ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, आणि वजनालाही मर्यादा. हे नियम गाडीतळावर मोठ्या अक्षरांत लावलेले मी पाहिलेले नाहीत.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी मात्र आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. बैलाला धुऊन त्याच्या मानेवर, जिथं जूं बसतं नेमक्या त्याच जागी, हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुखतं कुठं हे कुणब्याला शरीररचनेच्या पुस्तकाआधी ठाऊक होतं. हे ज्ञान मी फार मोठं मानतो. ते वर्षातून एकदाच वापरलं जातं, याचं वाईट वाटतं.

आणि मान मुळात ओझ्यासाठी नाहीच. संगमनेरच्या पठार भागात चरणारी संगमनेरी शेळी बघा. क्षणात तोंड जमिनीला, क्षणात बाभळीच्या फांदीला. दिवसभर एवढं डोकं खाली-वर करूनही ती दमत नाही, कारण तो पिवळा पट्टा डोकं खाली जाताना ताणला जातो आणि वर येताना स्वतःच ओढून घेतो. मटणात मानेचा तुकडा आला की कितीही शिजवलं तरी न गळणारी जी पिवळी चिवट दोरी दाताखाली येते, ती हीच. गायही मान खाली घालून खाते तेव्हा तिच्या तोंडात लाळ जास्त सुटते, आणि तीच लाळ पोटातली आम्लता आवरते. आखूड दाव्यानं बांधलेल्या, उंच गव्हाणीच्या आडव्या पाइपावर मान रेटून खाणाऱ्या संकरित गाईच्या मानेवरही गाठ येते. तिनं कधी जूं पाहिलेलं नसतं. आपल्या भागात मुक्त संचार गोठे वाढताहेत, हे म्हणूनच मला दूधधंद्यातलं मोठं पाऊल वाटतं. मान ओझ्याच्या नव्हे, जनावराच्या बाजूनं पाहायला तिथं सुरुवात झाली आहे.

ऊसगाडीच्या बाबतीतही ही सुरुवात करता येते. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ नावाचा प्रकल्प केला: जुवाजवळ आधाराचं एक तिसरं चाक, जे मानेवरचा भार स्वतःवर घेतं. त्यात सुधारणा लागतील, खर्चाचा प्रश्नही आहे. तो खर्च गाडीवानानं करावा असं मात्र कुणी म्हणू नये. साखर कारखान्यांना माझं मागणं साधं आहे. हंगामाआधी प्रत्येक गाडीचं जूं तपासा, त्याला मऊ गादी बसवून द्या, आधाराच्या चाकासाठी अनुदान द्या, आणि वजनकाट्यावर उसाचं वजन घेताना एक पशुवैद्य उभा करा. खांदेसूज आलेला बैल दिसला तर त्याला त्या दिवशी सुट्टी, आणि गाडीवानाला त्या दिवसाची मजुरी.