पांढरा दिवा आणि पिवळा दिवा

शास्त्रभाग : उत्पत्ति १:११-१९, इफिसकरांस ४:१५



सुमारे दीड वर्षापूर्वीची गोष्ट. शब्बाथ शाळेत मी सृष्टीच्या उत्पत्तीचा धडा घेत होतो. वर्गात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. घरची माणसे नंदुरबारकडची, वडील लूमवर कामाला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, झाडे तिसऱ्या दिवशी झाली आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग झाडे सूर्याशिवाय जगली कशी?" वर्गात हशा पिकला. मला वाटले, हा चेष्टा करतो आहे. मी म्हणालो, "देवाच्या वचनात शंका काढायची असेल तर इथे बसू नकोस. आधी सुवर्णवचन पाठ करून ये." तो खाली बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि त्याच्या पुढच्याही रविवारी आला नाही. हजेरीपटावर मी त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा करीत राहिलो. त्यापलीकडे मी काही केले नाही.

आज मला आपल्याशी एका घरगुती दिव्याविषयी बोलायचे आहे. पण त्या मुलाला बाजूला ठेवून ते बोलता येणार नाही, म्हणून त्याची गोष्ट आधी सांगितली.

आम्ही सुरतेत उधन्याला तळमजल्यावर राहतो. खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. ऊन येते ते दुपारी घटकाभर, तेही तिरपे. माझी आई खानदेशातली. दाराशी मेथी-कोथिंबिरीचा वाफा नाही ह्याचे तिला फार वाईट वाटे. कुंडीत पेरले तर रोपे दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडत. नववीत शिकणारी माझी मुलगी एक दिवस म्हणाली, "पप्पा, आजीसाठी मी दिवा करते. झाडे दिव्यावरही वाढतात, आमच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितले आहे."

तिने एक जुने कपाट घेतले. दोन कप्पे आतून पांढरे रंगवले, म्हणजे प्रकाश वाया न जाता पानांवर परत पडेल. प्रत्येक कप्प्याच्या छताला चार होल्डर बसवले आणि त्यांत नऊ-नऊ वॅटचे साधे एलईडी बल्ब लावले. तारांचे काम मात्र मंडळीतल्या एका वायरमन भावाकडून करून घेतले. पाणी आणि वीज एकत्र असतील तिथे मुलांच्या हौसेवर सोडू नये. बल्बाचा पांढरा टोप काढला तर उजेड वाढतो असे तिला कोणीतरी सांगितले होते. ते मी करू दिले नाही, कारण टोपाखालच्या पट्टीला हात लागला तर जिवावर बेतू शकते. रोपांच्या शेंड्यापासून दिवा एक वीत उंच ठेवला. आठ दिवे, बहात्तर वॅट, रोज चौदा तास. म्हणजे दिवसाला जेमतेम एक युनिट वीज.

दिवे कोणते घ्यावे ह्यावरून आमच्यात वाद झाला. बाजारात पांढरे मिळतात आणि पिवळसर मिळतात. त्यांच्या खोक्यावर ६५०० के, ३००० के असे आकडे असतात. 'के' म्हणजे केल्व्हिन, तापमानाचे माप. लोहाराच्या भट्टीतले लोखंड प्रथम तांबडे होते, मग पिवळे आणि अधिक तापले की पांढरे होत जाते. दिव्याच्या रंगाचे हे आकडे त्याच हिशोबाने ठरवलेले आहेत. मी म्हणालो, सगळे पांढरेच घे. त्याला कारणही होते. मी पांडेसऱ्यात कापड-प्रक्रियेच्या गिरणीत रंग जुळवण्याच्या खात्यात काम करतो. गिऱ्हाइकाचा नमुना आणि आमचा रंगवलेला तुकडा आम्ही एका पेटीत शेजारीशेजारी ठेवून पाहतो. पेटीत निरनिराळे दिवे असतात. त्यांतला मुख्य डी-६५, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, साधारण ६५०० केल्व्हिनचा. पिवळ्या दिव्याखाली जे दोन तुकडे एकसारखे वाटतात, त्यांची तफावत ह्या दिव्याखाली उघडी पडते. आपल्या भगिनी साडी घेताना ती दुकानाच्या दारात नेऊन पाहतात, ते ह्याचसाठी. ह्याच शहरात हिऱ्याचा रंग पारखणारेही असाच पांढरा उजेड वापरतात. पिवळ्या उजेडात खड्यातला पिवळेपणा लपतो. वीस वर्षे दोष शोधण्याचे काम करून माझ्या मनाने घेतले होते की, खरा उजेड तो पांढरा. बाकीचे सगळे लपवालपवीचे.

मुलीने माझे अर्धेच ऐकले. वरच्या कप्प्यात चारही पांढरे लावले, खालच्या कप्प्यात चारही पिवळे. दोन्हीकडे एकाच दिवशी मेथी पेरली आणि एकाच मापाने पाणी घातले.

बारा-तेरा दिवसांत फरक दिसू लागला. वर पांढऱ्याखाली मेथी बुटकी, ताठ, गडद हिरवी. खाली पिवळ्याखाली ती भराभर उंच झाली, पण देठ नाजूक, आणि पंधरवड्याच्या आत निम्मी रोपे कलली. एका घरच्या कपाटावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण शास्त्रज्ञांनी जे शोधले आहे त्याच्याशी हे जुळते. प्रकाशातला निळा भाग देठाला आवरून धरतो, रोप गच्च ठेवतो. तांबडा भाग पानाला अन्न तयार करण्यास विशेष उपयोगी पडतो. पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरे पाहता एक निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळ्या प्रकाशाची भुकटी चढवलेली असते. हा निळा दिवा साधायला फार वर्षे लागली. तो साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भुकटी बदलून तांबूस भाग वाढवला की दिवा पिवळसर होतो. म्हणजे पांढऱ्यात तांबडे अगदीच नाही असे नव्हे, आणि पिवळ्यात निळे अगदीच नाही असेही नव्हे. प्रमाण मात्र वेगळे.

मग तिने दोन्ही कप्प्यांत दोन पांढरे आणि दोन पिवळे, आडवे-तिडवे, असे दिवे लावले. त्या खेपेची मेथी आम्ही महिन्याच्या आत खाल्ली.

आणखी एक गोष्ट तिने मला शिकवली. बल्बाच्या खोक्यावर ल्युमेन असे एक माप असते. मी समजत होतो, ल्युमेन जास्त म्हणजे झाडाला उजेड जास्त. तसे नाही. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत प्रखर वाटतो, म्हणून ते माप त्याच प्रकाशाला झुकते. पानाचा हिशोब निराळा. शमुवेल इशायाच्या घरी गेला आणि थोरल्या मुलाची उंची पाहून भुलला, तेव्हा परमेश्वराने त्याला जे सांगितले ते मला त्या खोक्यावर दिसले. माझा वर्ग मला लख्ख वाटत होता. पाठांतर चोख, शिस्त चोख. पण ते माझ्या डोळ्याचे माप होते.

प्रियजनहो, प्रेषित पौल इफिसच्या मंडळीला प्रीतीने सत्य बोलण्यास सांगतो. हे वचन आपण बहुधा भांडण मिटवताना वापरतो. पण पुढचे शब्द वाचा. पौल तिथे वाढीविषयी लिहितो आहे. ख्रिस्तामध्ये आपण सर्व प्रकारे वाढावे म्हणून. सत्य एका रविवारी आणि प्रीती दुसऱ्या रविवारी, असे तो म्हणत नाही. एकाच कप्प्यात, एकाच वेळी, दोन्ही दिवे.

ह्यात मला एक गंमत दिसते. बाजारात ज्याला 'उबदार' दिवा म्हणतात त्याचा आकडा लहान, आणि ज्याला 'थंड' म्हणतात त्याचा आकडा मोठा. लोहाराला विचाराल तर पांढरे लोखंडच अधिक तापलेले. माझ्याविषयी मी हेच म्हणत असे, की मी आतून तापलेला आहे, देवाच्या वचनाविषयी मला कळकळ आहे. ते खोटे नव्हते. पण माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या पोराला त्याची ऊब लागली नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे काही सहशिक्षक खूश होतील. निव्वळ पिवळ्या दिव्याचेही वर्ग असतात. गाणी, गोळ्या, नाताळचे नाटक, आणि कोणाला कधी काही विचारायचे नाही. तिथली मुले भराभर उंच होतात. कॉलेजात गेली की पहिल्या वाऱ्याला कलतात.

बरे, एकच मिश्रण सगळ्यांना चालते असेही नाही. शेवंती करणारे शेतकरी फुले लांबवायची असतील तेव्हा रात्री शेतात दिवे लावतात. ड्रॅगन फ्रूट, ज्याला गुजरात सरकारने २०२१ साली कमलम असे नाव दिले, त्याच्या बागेतही रात्री दिवे लावतात; तिथे मात्र हंगाम नसताना फुले यावीत म्हणून! रात्रीचा दिवा दोन्हीकडे, परिणाम उलटा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकाने आपल्या वर्गात शेवंती कोणती आणि कमलम कोणते, हे नको का ओळखायला?

असो. मेथीच्या त्या खेपेतली एक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून मी लिंबायतला त्या मुलाच्या खोलीवर गेलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्याच्या आईने "या सर, बसा" म्हणून खाली सतरंजी टाकली. तो माळ्यावर होता, उतरला नाही. मी वर पाहून म्हणालो, "अरे, त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता. चूक माझी झाली. सगळ्यांसमोर तुला बोललो, म्हणून तुझ्या आईसमोर सांगतो." त्याची आई स्टोव्हकडे वळली. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग वरून आवाज आला, "ही मेथी उन्हाशिवाय वाढली?"

"उन्हाशिवाय वाढली. दिव्याशिवाय नाही."

तो दोन पायऱ्या खाली आला. मी त्याला उत्पत्तीचा पहिला अध्याय काढून दाखवला. सूर्य चौथ्या दिवशी, झाडे तिसऱ्या दिवशी, हे तू नीट वाचलेस. पण प्रकाश पहिल्याच दिवशी आहे, सूर्याच्याही आधी. तो प्रकाश कसला आणि ते दिवस कसले, ह्यावर थोर थोर माणसांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांचे एकमत नाही. मलाही सगळे समजलेले नाही, असे मी त्याला सांगितले. वर्गात हे वाक्य मी पूर्वी कधी उच्चारले नव्हते. कपाटातल्या दिव्याने त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले असे मी म्हणत नाही. त्या दिव्याच्या निमित्ताने मला त्याच्या दारी जाता आले, एवढेच.

त्याने विचारले, "मग रात्रीपण चालू ठेवता का?"

"नाही. दहा तास बंद."

"का?"

मी म्हणालो, "ते माझ्या मुलीला विचार. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

वर्गाला तो अजून येत नाही. उपासनेला दोनदा आला, आणि दारापाशी बसून शेवटच्या गीताआधी निघून गेला. शनिवारी संध्याकाळी मात्र तो आमच्या घरी येतो. आता खालच्या कप्प्यात मिरचीची चार रोपे आहेत. गेल्या शनिवारी त्याने तिथला एक पांढरा दिवा काढून पिवळा लावला आणि मुलीला म्हणाला, "ह्याने फूल लवकर येते का, बघू." तिला ते पटले नव्हते, दोघांचा बराच वाद झाला. शेवटी माझ्या आईने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.