किल्ला कोणाचा?

दिवाळीची सुट्टी लागली की अंगणातल्या किल्ल्यावरून घरोघर एक तंटा हटकून होतो. चार वर्षांच्या धाकट्याला बुरूज रचावयाचा असतो. वडिलांना किल्ला चारचौघांत शोभावयास हवा असतो. बहुधा वडीलच जिंकतात. तट सरळ होतो, मावळे रांगेत उभे राहतात, अळीव जागच्या जागी पेरले जाते, आणि धाकट्याच्या हाती उरतो पाण्याचा तांब्या.

याला आपण मदत म्हणतो. ती खरोखर मदत असते काय?

लहान दगडावर मोठा ठेवला की ढीग कोसळतो. आम्हां मास्तरांना दहादा सांगून जे पटवता येत नाही ते दगड एकदाच सांगतो, आणि वर छडीही उगारीत नाही. मातीत पाणी किती घालावे, दोन विटांवर फळी टाकली की दार कसे होते, हे बोटांना आधी कळते. खाली, वर, आत, पलीकडे हे शब्द मागाहून जिभेवर येतात. शेजारच्या मुलीला त्याच जागी विहीर हवी असली, तर तहाची बोलणीही करावी लागतात. ही विद्या तर पुष्कळ थोरांनाही साधत नाही!

जर्मनीत फ्रोबेलने 1837 साली बालशिक्षणाची संस्था काढली आणि मुलांच्या हाती लाकडी ठोकळे दिले. एका घनाचे आठ लहान घन. मोडावे, पुन्हा जोडावे. त्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र उघडले. पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथे शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. म्हणजे खर्चाची सबब नको. उलट बाजारातला प्लास्टरचा तयार किल्ला पैसे मोजून आणावा, तर त्यात मुलाने करावे असे काही शिल्लकच नसते.

मोठ्यांनी माती आणून द्यावी, तिच्यातल्या काचा वेचाव्यात, विचारले तर सांगावे. अवघड आहे ते पुढचेच. बुरूज कलताना दिसतो आणि हात शिवशिवतात. त्या वेळी आपल्याला काळजी कशाची असते, मुलाची की शेजाऱ्यांच्या नजरेची? बुरूज पडतो. मूल आधी मातीकडे नव्हे, आपल्या तोंडाकडे पाहते.