आधी ॲम्प, मग पेडल

ओव्हरड्राइव्ह पेडल घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो, ‘सगळ्यात चांगलं कुठलं?’ ॲम्पचं नाव घेतल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. पेडल सूर अर्धाच घडवतं, उरलेला ॲम्प घडवतो. सिंगापूरच्या तांजोंग पगारमध्ये राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला हे लवकर उमगतं, कारण त्याचं पेडल आज घरच्या छोट्या ॲम्पला जोडलेलं असतं, तर शनिवारी भाड्याच्या जॅमिंग स्टुडिओतल्या भल्यामोठ्या ॲम्पला. पेडल तेच, बटणं त्याच जागी, आणि आवाज ओळखू येऊ नये इतका वेगळा.

असं का होतं हे इबानेझच्या ट्यूब स्क्रीमरवरून चांगलं कळतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये जन्मलेलं हे हिरवं पेडल. त्यातली चिप गिटारचा सिग्नल मोठा करते. तिच्या फीडबॅकच्या वाटेवर दोन डायोड एकमेकांना उलटे बसवलेले असतात. सिग्नल साधारण ०.६ व्होल्टच्या पुढे जाऊ लागला की डायोड वाट मोकळी करतात, चिपची वाढ आवरते आणि लाटेचे माथे गोलसर दबतात. या दबण्यातूनच मूळ स्वरात नसलेले उपस्वर उमटतात; त्यालाच आपण ‘ड्राइव्ह’ म्हणतो. पण खरी गंमत पुढेच आहे. सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली ही वाढ कमी कमी होत जाते, आणि नंतरचा फिल्टर वरची धारही बोथट करतो. खर्ज उतरतो, तार उतरते, मधला भाग उंचावतो.

आता हे पेडल १९६० च्या दशकातल्या घडणीच्या फेंडर डिलक्स रिव्हर्बला जोडा. २२ वॉटचा हा व्हॉल्व्हचा ॲम्प खर्ज आणि तार भरभरून देतो, पण त्याच्या टोन सर्किटमुळे मधला भाग खोल गेलेला असतो. पेडलचा उंचवटा नेमका त्या खड्ड्यात बसतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनने ट्यूब स्क्रीमर फेंडरपुढे ठेवला, त्यातलं मर्म हेच. मार्शलच्या ॲम्पमध्ये मधला भाग मुळातच दणकट असतो. तिथे पेडलचं ड्राइव्हचं बटण जवळजवळ शून्यावर आणि आवाजाचं, म्हणजे लेव्हलचं, वर ठेवतात. फाटण्याचं काम ॲम्पचे व्हॉल्व्ह करतात. पेडल फक्त खर्ज आवरून त्यांना ढकलतं, त्यामुळे जाड तारांवरचे झपाट्याचे स्ट्रोक गचाळ होत नाहीत.

स्टुडिओत मात्र बऱ्याचदा रोलँडचा जेसी-१२० समोर येतो. १९७५ पासूनचा हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प त्याच्या स्वच्छपणासाठीच नावाजलेला आहे. त्याला कितीही ढकललं तरी व्हॉल्व्हसारखा गोडवा येत नाही. म्हणजे ओव्हरड्राइव्हचा सगळा भार पेडलवर पडतो, आणि पेडलने उतरवलेला खर्ज भरून काढणारं कुणी नसतं. माझ्या कानाला इथे बॉसचं ब्लूज ड्रायव्हर हे पेडल अधिक भरीव वाटतं.

घरची अडचण निराळी. तांजोंग पगारच्या पिनॅकल ॲट डक्सटन या उंच इमारतींच्या पन्नास मजल्यांवर किंवा जुन्या शॉपहाउसच्या सामाईक भिंतींमागे २२ वॉटचा ॲम्प त्याच्या ऐन रंगात आणणं शेजाऱ्यांवर अन्यायच. पाच वॉटचा घेऊनही फार सुटका होत नाही. फरक जेमतेम साडेसहा डेसिबलचा, आणि आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. त्यात हळू आवाजात कान खर्जाला आणि अगदी वरच्या स्वरांना कमी दाद देतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणजे पेडलने उतरवलेला खर्ज घरी कानही उतरवतो. स्टुडिओत भरदार वाटलेलं पेडल घरी नाकात बोलू लागतं, ते यामुळे. पेडल बिघडलेलं नसतं. ॲम्पवरचा बेस थोडा चढवावा, पेडलचा ड्राइव्ह उतरवावा, की ते पुन्हा माणसात येतं.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी त्या त्या घोडीवर, त्या त्या तारेखाली घासून जुळवतात; एकाची जवारी उचलून दुसऱ्यावर बसवता येत नाही. पेडलही असंच त्या त्या ॲम्पवर जुळवावं लागतं, आणि त्याला क्रम आहे. आधी पेडल बंद ठेवून नुसत्या ॲम्पचा सूर लावावा. व्हॉल्व्हचा असेल आणि जागा परवानगी देत असेल, तर हलका स्ट्रोक स्वच्छ राहील आणि जोराचा किंचित फाटेल, इथवर आणावा. मग पेडल चालू करून ड्राइव्ह तळाशी ठेवावा आणि लेव्हल अशी लावावी की चालू-बंद करताना आवाजाची पातळी बदलू नये. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, आणि पेडलची निवड चुकते ती बहुधा याच फसगतीने. पातळी सारखी झाली की मगच ड्राइव्ह आणि टोनला हात लावावा.

म्हणून पेडल घ्यायला जाल तेव्हा दुकानातल्या सर्वात महागड्या ॲम्पवर ते ऐकू नका. तुमच्याकडे आहे त्याच जातीचा ॲम्प मागा, घरी ठेवता तेवढ्याच आवाजावर ठेवा, आणि स्वतःची गिटार सोबत न्या.