टाकणं आणि ठेवणं

नाशिकरोडहून सिन्नर फाटा ओलांडून पळशाकडे निघालं, की या दिवसांत वस्तीवस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये दोन यंत्रं दिसतात. सोयाबीन काढून मोकळं झालेलं मळणीयंत्र आणि गहू पेरून परतलेलं पेरणीयंत्र. पहिल्याला आता मार्चमधल्या गव्हापर्यंत काम नाही, दुसऱ्याला थेट मृगापर्यंत.

परवा अशाच एका शेडमध्ये एक वयस्कर शेतकरी पेरणीयंत्रापाशी बसले होते. खताच्या पेटीच्या कोपऱ्यात चिकटलेलं डीएपी काडीने खरवडत होते. खत हवेतला ओलावा ओढतं; मूठभर राहिलं तरी पत्रा आतून खातं. बियाण्याची एकेक नळी काढून त्यांनी डोळ्याला लावून आरपार पाहिली, फणांना जळकं ऑइल फासलं. मग मळणीयंत्राचा पट्टा सैल केला आणि कोपऱ्यात पडलेलं त्याचं लोखंडी झाकण उचललं. हंगामाच्या घाईत ते काढलेलं होतं.

"नाना, मार्चपर्यंत बंदच राहणार ना? मग आत्ता कशाला बसवता?"

"मार्चला बी घाईच असंल. तव्हा कोन बसवतं? आन् पेंढ्या घालायला मी थोडाच असतो!"

हे उत्तर मनात घर करून बसलं आहे. काम संपलं की आपण वस्तू टाकतो. पुढे कुणाला तरी ती लागणार आहे हे आठवलं तरच ती ठेवतो. मराठीत म्हणूनच जपून ठेवलेल्या धनाला 'ठेव' म्हणतात. शेडमधल्या यंत्रात ठेवलेलं असतं ते उद्याच्या मजुराच्या हाताचं क्षेम.

शेतीतल्या अशा यंत्रांवर राबणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि अपघातानंतरच्या भरपाईसाठी संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पण गेलेली बोटं भरपाईने परत येत नाहीत, आणि झाकणाचे चार बोल्ट आवळायला कायदा शेडमध्ये येत नाही. ते मालकालाच करावं लागतं, कुणी पाहत नसताना.

खंडेनवमीला आपण यंत्रांना झेंडूच्या माळा घालतो, हळदकुंकू वाहतो. ती श्रद्धा खरीच आहे. पण पोळ्याची रीत आठवा. बैलाला झूल चढते पोळ्याच्या दिवशी; जू वाहून घट्टे पडलेला त्याचा खांदा मात्र आदल्या संध्याकाळीच हळद आणि तूप लावून चोळला जातो. आपल्या वाडवडिलांनी पूजेच्या आधी सेवा ठेवली. बैलाचं दुखणं त्याच्या डोळ्यांत तरी दिसायचं. लोखंड बोलत नाही. त्याची आबाळ होते ती बोलते दुसऱ्याच कुणाच्या तरी हातावर.

आज वेळ काढून शेडमध्ये जा. झाकण जागेवर आहे का, तेवढं पाहा. मार्चमध्ये तिथे जो हात असेल तो कदाचित आपल्या ओळखीचाही नसेल. तरी तो शाबूत राहणं आज आपल्याच हाती आहे.