नावं वाचणारं प्रवचन

खचलेल्या माणसाला धीर द्यायची आपल्याला फार घाई असते. ‘होईल सगळं ठीक’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. धर्मपीठावरून बोलणारेही पुष्कळदा हेच करतात. दुःखाचं नुसतं नाव घेतात आणि लगेच देवाच्या कृपेकडे वळतात. असं प्रवचन ऐकून बाहेर पडणारा माणूस अधिकच एकटा होतो. आपलं दुःख मोठ्याने सांगण्याच्या लायकीचंही नव्हतं, असं त्याला वाटू लागतं.

याच्या अगदी उलट रीतीने बोलणारा एक धर्मगुरू एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या चिमुकल्या देशात होऊन गेला. चहूकडून मन खचवणाऱ्या बातम्या येतात तेव्हा मला त्याचीच आठवण होते.

ऑस्कर रोमेरो १९७७च्या फेब्रुवारीत राजधानी सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले, तेव्हा कॉफीच्या मळ्यांचे मालक निश्चिंत होते. पुस्तकांत रमणारा, संघर्षापासून दूर राहणारा हा माणूस आपल्याला त्रास देणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १२ मार्चला रोमेरोंचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांना मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिकांच्या प्रार्थनाविधीसाठी, जात असताना वाटेतच गोळ्या घालण्यात आल्या. ऊसमळ्यांतल्या मजुरांमध्ये ते काम करत. सोबतचा एक म्हातारा आणि एक कोवळा मुलगाही मारला गेला. पुढच्या रविवारी रोमेरोंनी धर्मप्रांतातल्या बाकी सगळ्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. पोपच्या राजदूताला ते पसंत नव्हतं. तरी लाखभर माणसं आली.

त्यानंतरची तीन वर्षं रोमेरोंची रविवारची मिस्सा ‘वायएसएएक्स’ या धर्मप्रांताच्या रेडिओवरून देशभर ऐकली जाई. प्रवचन कधी कधी दीड तासावर चाले. त्याचे ढोबळमानाने दोन भाग असत. आधी त्या दिवसाच्या बायबल-वाचनांचं विवेचन आणि मग सरत्या आठवड्याचा वृत्तांत. कोणत्या गावात कोणाला उचलून नेलं, कोणाचा मृतदेह कुठे सापडला, कोण अजून बेपत्ता आहे, हे सगळं नावानिशी आणि तारखेनिशी सांगितलं जाई. यामागे आठवडाभराची मेहनत असे. नातेवाईक येऊन हकिगत सांगत, कायदेशीर मदत करणारे तरुण वकील ती तपासून घेत, आणि रोमेरो सहकाऱ्यांबरोबर बसून सगळं नीट लावून घेत. वर्तमानपत्रं गप्प असलेल्या देशात सत्य कळण्याची ही एक जागा उरली होती. रेडिओचं प्रक्षेपण केंद्र बॉम्बने उडवलं गेलं, ते यामुळेच.

आता कोणी विचारेल, मेलेल्यांची यादी ऐकून माणसाला आशा कशी वाटेल? डोंगरातल्या एखाद्या खेड्यात ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेली आई डोळ्यांसमोर आणा. तिच्या मुलाला रात्री नेलं. पोलीस म्हणतात, असा कोणी मुलगा आमच्याकडे नाही. शेजारी भीतीने दार लावून घेतात. आपल्याला मुलगा होता की नव्हता, अशी तिची अवस्था होते. आणि रविवारी सकाळी राजधानीच्या वेदीवरून त्या मुलाचं पूर्ण नाव उच्चारलं जातं. मुलगा परत येत नाही. पण तो होता, आणि त्याच्यावर अन्याय झाला, हे सगळ्या देशासमोर कोणीतरी बोललेलं असतं. त्यापुढची पायरी म्हणजे घराबाहेर पडणं. १९७७ साली रोमेरोंच्याच पाठिंब्याने बेपत्ता आणि मारल्या गेलेल्या लोकांच्या आयांची समिती उभी राहिली. घरात रडणाऱ्या बायका एकत्र येऊन तुरुंगांच्या दारात जाब विचारू लागल्या.

मात्र वृत्तांताआधी बायबलचं वाचन असे, हेही विसरता येणार नाही. कीर्तनकार निरूपणाचा अभंग स्वतः निवडतो. कॅथलिक धर्मगुरूला रविवारी तशी मुभा नसते; वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असतात. आठवडा कसाही जावो, तोच उतारा समोर येतो आणि त्याच्या उजेडात बोलावं लागतं. मला ही शिस्त फार मोलाची वाटते. तिच्यामुळे प्रवचन नुसती बातमी होत नाही, आणि बातमीमुळे ते नुसतं पाठांतर होत नाही.

२३ मार्च १९८० हा ईस्टरपूर्व उपवासकाळातला पाचवा रविवार होता. त्या दिवशीचं पहिलं वाचन यशया संदेष्ट्याचं होतं. बाबिलोनमध्ये कैदी होऊन पडलेल्या लोकांना देव सांगतो की मी वाळवंटातून वाट काढीन, रानात नद्या वाहवीन. ते कैदीच होते आणि समोर वाळवंटच होतं. यशया दोन्हींपैकी काहीच नाकारत नाही. त्या प्रवचनाच्या शेवटी रोमेरोंनी सैनिकांना थेट हाक दिली. तुम्ही मारता ते तुमचेच शेतकरी भाऊ आहेत, देवाच्या नियमाविरुद्धचा हुकूम पाळायला तुम्ही बांधील नाही, हा जुलूम थांबवा, अशी त्यांनी विनवणी केली आणि आज्ञाही केली. जगभर आठवलं जातं ते एवढंच. मला त्याआधीचा दीड तास तितकाच मोठा वाटतो. त्या आठवड्यातल्या एकेका माणसाची दखल घेतल्यानंतरच त्या आज्ञेचा अधिकार त्यांना मिळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ज्या कर्करोग रुग्णालयाच्या आवारात ते राहत त्याच्या चॅपेलमध्ये मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. पुढच्या, झावळ्यांच्या रविवारी (पाम संडे) झालेल्या अंत्यविधीतही माणसं मेली. पुढे १९९२पर्यंत यादवी चालली आणि ७५,०००च्या आसपास बळी गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३मध्ये हत्येचा हुकूम देणाऱ्याचं नाव जाहीर केलं, तेव्हा तो शिक्षेविनाच मरून गेला होता. हे सांगितल्याशिवाय आशेबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. रोमेरोंनी परिस्थिती सुधारेल असं भाकीत केलंच नव्हतं. लोकांनी एकमेकांना टाकून देऊ नये, यासाठी ते बोलत होते.

आपल्याकडेही धर्मगुरू असं बोलले आहेत. वसईत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जमिनी, विहिरी आणि केळीच्या बागा धोक्यात आल्या आणि दहशतीने लोक बोलेनासे झाले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले. ‘सुवार्ता’ मासिकातून लिहीत, सभांतून बोलत त्यांनी लोकांची भीती मोडली.

परवा वसईतल्याच एका चर्चमध्ये मी मिस्सेला होतो. आरंभी, ज्यांच्यासाठी मिस्सा अर्पण केली होती त्या मृतांची नावं नेहमीप्रमाणे वाचली गेली. प्रवचनात तरुण फादर नोकरी गेलेल्या मुलांविषयी, खाऱ्या होत चाललेल्या विहिरींविषयी बोलले. याचं उत्तर माझ्यापाशी नाही, असंही त्यांनी सांगितलं. पण शनिवारी संध्याकाळी मी हॉलमध्ये बसेन, ज्याचं जे अडलं असेल ते येऊन लिहून द्या, पुढच्या रविवारी आपण त्याबद्दल इथेच बोलू, असं ते म्हणाले. मिस्सा संपल्यावर दोन-तीन बायका आवारात उभ्या राहून कोणाकोणाला सोबत न्यायचं ते ठरवत होत्या. त्यांना एका शेजारणीला बरोबर घ्यायचं होतं. ती कित्येक महिने चर्चला आलेली नव्हती.