वांग्याची फाइल

नव्वद दिवस बीटी वांगं खाऊ घातलेल्या उंदरांच्या रक्तात काय फरक पडला, त्यांचं यकृत कसं होतं, हे व्यापारी गुपित असू शकतं का? आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल लागायला दोन वर्षं गेली, आणि तोही सर्वोच्च न्यायालयात जाऊन.

जालन्याच्या महिको कंपनीनं वांग्यात एका जिवाणूचं जनुक घातलं होतं, तेच हे बीटी वांगं. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी त्यानं मरते. परवानगीसाठी कंपनीनं सुरक्षिततेच्या चाचण्यांचे अहवाल सरकारला दिले. 2006 मध्ये ग्रीनपीसच्या एका कार्यकर्तीनं विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्यांचे अहवाल माहिती अधिकारात मागितले. जैवतंत्रज्ञान विभागाचं उत्तर आलं, कंपनीच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसेल. 2007 मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं अहवाल द्यायला सांगितलं, तरी ते लोकांसमोर आले 2008 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं बजावल्यावर.

मग बाहेरच्या शास्त्रज्ञांनी ते वाचले आणि आक्षेप घेतले. काहींना ते आक्षेप पटले नाहीत. ऑक्टोबर 2009 मध्ये नियामक समितीनं हिरवा कंदील दाखवला. पुढे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी बीटी वांग्याला स्थगिती दिली. वाण चांगलं की वाईट, हा माझा मुद्दा नाही. पण वाद कंपनी आणि सरकारच्या शब्दावर न राहता अहवालातल्या आकड्यांवर होऊ शकला. त्यासाठी एवढा झगडा का करावा लागला, याचा मला आजही राग येतो.

कंपनीची बाजू पोकळ नाही, हेही मानायला हवं. जनुक कसं बसवलं, कोणते मूळ वाण वापरले, यावर वर्षानुवर्षांचे कष्ट आणि पैसा खर्च होतो. ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलं तर पुढच्या वेळी कोणी सरकारला खरी माहिती देईल का? म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मध्ये व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, पण व्यापक जनहिताचा अपवाद ठेवून. बौद्धिक संपदेबाबतचा आंतरराष्ट्रीय ट्रिप्स करारही सरकारकडे दिलेला चाचण्यांचा तपशील जपायला सांगतो. लोकांच्या संरक्षणासाठी गरज असेल तिथे मात्र सूट देतो.

खरी गोम आहे टेबलावर. माहितीसाठी अर्ज आला की जनमाहिती अधिकारी पाच दिवसांत कंपनीला पत्र पाठवतो. कंपनीला दहा दिवस मिळतात. ती लिहिते, ‘संपूर्ण फाइल गोपनीय’. अधिकारी तेच वाक्य नकाराच्या पत्रात उतरवून मोकळा होतो. कायद्यानं त्याला कंपनीचं म्हणणं ऐकायला सांगितलंय, मानायला नव्हे. कलम 10 तर लपवण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला द्या, असं सांगतं. काळी पट्टी ओळीवर मारायची असते, फाइलवर नाही.

अमेरिकेनं कीटकनाशकांच्या बाबतीत ही रेघ कायद्यातच आखली. 1978 च्या दुरुस्तीनं नोंदणी झालेल्या कीटकनाशकाच्या सुरक्षिततेच्या चाचण्या लोकांना खुल्या झाल्या, उत्पादनाची प्रक्रिया झाकलेली राहिली. मोन्सँटो कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली. 1984 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं चाचण्यांची माहिती ही कंपनीची मालमत्ता ठरू शकते हे मान्य केलं. पण दुरुस्तीनंतर ज्यांनी ती दिली, त्यांना ती उघड होणार हे ठाऊक होतं, असंही सांगितलं. प्रतिस्पर्ध्याच्या भीतीवरही तोडगा निघाला: माहिती मागणाऱ्यानं ती बहुराष्ट्रीय उत्पादकांना देणार नसल्याचं लिहून द्यायचं.

आपल्याकडे हे कंपनीच्या परवानगीच्या अर्जाच्या दिवशीच करता येईल. कंपनीनं दोन प्रती द्याव्यात, एक पूर्ण आणि एक लोकांसाठी. दुसरीत जी ओळ झाकली, तिच्यासमोर नुकसान नेमकं कसं होईल, हे लिहावं. उंदराच्या यकृताच्या वजनासमोर कंपनी काय लिहिते, ते मला वाचायचं आहे.